मोजणी झाली, विचारपूस कोण करणार?

दर गुरुवारी एक आकडा येतो. गेल्या आठवड्यात कोणत्या वाहिनीवर किती डोळे खिळले होते याचा तो हिशेब असतो, आणि त्या हिशेबावर अंधेरी-गोरेगावच्या कचेऱ्यांत मालिकांचे जन्ममरण ठरते. आकडा घसरला की नायिकेचा ठरलेला साखरपुडा मोडतो, मेलेला माणूस परत येतो, रविवारी दोन तासांचा महाएपिसोड जाहीर होतो. आकडा चढला की सुनेचा तोच छळ, त्याच स्वयंपाकघरात, आणखी दोनशे भाग चालतो. जाहिरातदार त्या आकड्यावर बोट ठेवून आपला पैसा कुठे लावायचा ते ठरवतो आणि मोकळा होतो.

ज्या घरांच्या पाहण्यातून हा आकडा निघाला, त्या घरांत त्या आठवड्यात काय घडले हे कोणी विचारत नाही. सातवीतल्या मुलीने पडद्यावर सुनेच्या कानाखाली बसलेली चपराक पाहिली, तेव्हा तिने सुनेची बाजू मनात धरली की मार खाऊन गप्प बसण्याचा धडा घेतला? रात्री उशिरापर्यंत खून-दरोड्यांच्या मालिका पाहणाऱ्या आजीने दुसऱ्या दिवशी नातीला क्लासला एकटीला जाऊ दिले का? बातम्यांच्या नावाखाली चाललेला आरडाओरडा वर्षानुवर्षे कानावर घेतलेल्या आळीत दोन धर्मांच्या शेजाऱ्यांचे येणेजाणे पूर्वीसारखे राहिले का? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याच गुरुवारी येत नाहीत. ती काढण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नाही.

आमचा आरोप असा आहे की, दूरचित्रवाणीने आपल्या माणसांचे काय केले हे जाणून घेण्याचा आपला हक्क या देशातील सरकारने, वाहिन्यांच्या मालकांनी आणि विद्यापीठांनी मिळून बुडवला आहे. ‘बुडवला’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. विश्वासाने ठेवलेली ठेव बुडवावी तसा हा व्यवहार झाला आहे. ठेव होती, चांगली भरभक्कम होती, आणि ज्यांच्या हाती सोपवली त्यांनीच ती बुडवली.

ती ठेव कोणती, हे आजच्या तरुण वाचकाला ठाऊक नसण्याचाच संभव अधिक. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात या गरीब देशाने जगाने दखल घ्यावी असा प्रयोग केला. ‘साइट’ या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेच्या नासाने एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी दिला होता. आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत तीन मीटर व्यासाच्या जाळीच्या छत्र्या उभ्या राहिल्या आणि शाळेच्या आवारात, पंचायतीच्या ओट्यावर टीव्ही लागला. सकाळी मुलांसाठी आणि संध्याकाळी साऱ्या गावासाठी. विक्रम साराभाईंनी हे स्वप्न पाहिले होते. १९७१ साली ते गेले आणि ते स्वप्न यशपालांसारख्या शास्त्रज्ञांनी अहमदाबादच्या केंद्रातून प्रत्यक्षात आणले.

आम्हाला छत्र्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे मोल अधिक वाटते. या प्रयोगात संशोधन हे यंत्राइतकेच महत्त्वाचे मानले गेले होते. टीव्ही गावात येण्यापूर्वी गावकऱ्यांना काय ठाऊक आहे, ते काय मानतात, काय करतात याची पाहणी झाली. टीव्ही चालू असताना झाली. तो बंद झाल्यावर पुन्हा झाली. ज्या गावांत टीव्ही नव्हता त्यांच्याशी तुलना झाली. एवढ्यावर न थांबता बिनोद अगरवाल यांच्या देखरेखीखाली मानववंशशास्त्राचे अभ्यासक खेड्यांत मुक्कामाला राहिले. टीव्हीसमोर कोण पुढे बसते, कोणत्या जातीची माणसे लांब उभी राहतात, बायका कोणत्या वेळी येतात आणि कोणत्या वेळी उठून जातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून लिहिले. ते वर्ष आणीबाणीचे होते आणि सरकारी प्रचारासाठीही हा पडदा वापरला गेला, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्याच सरकारच्या पैशाने प्रामाणिक माणसांनी प्रामाणिक नोंदी केल्या, हेही तितकेच खरे आहे.

त्या नोंदींनी काय दाखवले? शाळकरी मुलांच्या अभ्यासाच्या गुणांत लक्षणीय भर पडली नाही, पण त्यांची भाषा सुधारली आणि पुस्तकाबाहेर जाऊन काही जाणून घेण्याची ओढ वाढली. आरोग्याविषयीच्या माहितीचा अधिक लाभ कोणाला झाला? ज्यांना अडाणी म्हणून बाजूला सारले जाते त्या निरक्षरांना आणि स्त्रियांना. हे कोणाच्या मतावरून ठरलेले नव्हते, मोजून आणि पाहून ठरलेले होते. टीव्ही चांगला की वाईट असल्या फाटक्या वादात न पडता, कोणासाठी, कशात, किती, असे विचारले की उत्तर कसे मिळते याचा तो धडा होता.

त्याच सुमारास गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातील पिज या गावच्या छोट्या ट्रान्समीटरवरून गावकऱ्यांच्या प्रश्नांवर गावकऱ्यांनाच घेऊन कार्यक्रम होत होते. आधी गावात जाऊन विचारायचे, मग कार्यक्रम करायचा, मग पुन्हा जाऊन विचारायचे, अशी तिथली रीत होती. त्या कामाला १९८४ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्याच वर्षी, १९८५ मध्ये, लोकांचा विरोध असताना पिजचा ट्रान्समीटर बंद करण्यात आला. जगाने गौरवलेले काम दिल्लीच्या एका फाइलीवर मेले. तोवर १९८२ चे एशियाड होऊन गेले होते, रंगीत टीव्ही आला होता, आणि दिल्लीहून सुटणारा एकच कार्यक्रम काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत दाखवण्यात राज्यकर्त्यांना धन्यता वाटू लागली होती. या सगळ्याविषयी, दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करायला सरकारनेच नेमलेल्या पी. सी. जोशी समितीने दूरदर्शनला स्पष्ट शब्दांत बजावले होते, स्त्रियांच्या चित्रणावर स्वतंत्रपणे लिहिले होते. त्या अहवालावर धूळ बसली. ती कोणी झटकली नाही.

पण थांबा. मालिकांचे निर्माते आणि वाहिन्यांचे अधिकारी यांचे ठरलेले उत्तर आम्हाला ठाऊक आहे. ते म्हणतात, ‘आमच्या मालिकेत शेवटी वाईटाचा नाशच होतो. सोशिक सून शेवटी जिंकते. आम्ही समाजाला चांगलाच संदेश देतो.’ हे उत्तर देणाऱ्यांना आम्ही १९८४ सालाकडे नेतो.

त्या वर्षीच्या जुलैमध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या पद्धतीवरून, लोकांचे विचार बदलावेत याच हेतूने ती योजली होती. मनोहर श्याम जोशींनी ती लिहिली. दर भागाच्या अखेरीस अशोककुमार पडद्यावर येऊन त्या दिवशीच्या प्रसंगातून काय घ्यावे हे सांगत. १५६ भाग झाले आणि घराघरांतून लाखो पत्रे आली. तीत भागवंती नावाची आई होती. नवऱ्याची दारू, सासूची बोलणी, मुलांची ओढाताण हे सारे गिळून ती जगत होती. बाईने असे जगू नये हे दाखवण्यासाठी ते पात्र उभे केले होते. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी नंतर प्रेक्षकांना विचारले तेव्हा काय निघाले? असंख्य स्त्रियांना भागवंती हीच आदर्श वाटली होती. बाई असावी तर अशी! लेखकाने धोक्याची खूण म्हणून उभी केलेली बाई प्रेक्षकांनी देव्हाऱ्यात नेऊन बसवली. दर भागाच्या शेवटी अशोककुमारांसारखा माणूस समजावून सांगत असतानाही.

अमेरिकेत दहा वर्षे आधी असेच दिसून आले होते. वंशद्वेष्ट्या आर्ची बंकरची टर उडवणारी मालिका वंशद्वेष्ट्या प्रेक्षकांनी आपल्याच बाजूची समजून आवडीने पाहिली, हे १९७४ च्या अभ्यासाने दाखवून दिले. म्हणजे पडद्यावर काय ठेवले आणि पाहणाऱ्याने काय उचलले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधले अंतर मोजल्याशिवाय कळत नाही. मग मराठी वाहिन्यांवर गेली पंचवीस वर्षे सोसत राहिलेल्या शेकडो नायिकांकडून आमच्या मुलींनी काय उचलले, हे सांगण्याचा अधिकार निर्मात्याला कोणी दिला? त्याने मोजले आहे काय? विचारले आहे काय? शेवटच्या भागात सून जिंकते, पण शेवटचा भाग एकच असतो. त्याआधीचे आठशे भाग ती हरत असते. आठशे संध्याकाळी ज्या घरात शिरल्या तिथे कोणता धडा उतरला, हे त्या घरात जाऊन पाहिल्याशिवाय बोलणे म्हणजे धूळफेक आहे.

आणि जे उलट बाजूने ओरडतात, टीव्हीने संस्कृती बुडवली, पोरे बिघडवली, बायका डोक्यावर बसवल्या, त्यांनाही आम्ही सोडणार नाही. त्यांच्याकडे तरी पुरावा कुठे आहे? पुरावा आला आहे आणि तो त्यांना अडचणीचा आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोघा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळातील तामिळनाडू, हरियाणा, बिहार, गोवा आणि दिल्ली येथील १८० गावांतल्या २७०० कुटुंबांची माहिती तपासली. त्या तीन वर्षांत काही गावांत केबल नव्याने आली, काहींत आधीपासून होती, काहींत आलीच नाही. जिथे आली तिथे ‘नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे’ असे मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला, पाळणाही लांबला. २००९ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे इतर अभ्यासकांनी त्या निष्कर्षांची फेरतपासणी करून शंका काढल्या. ते योग्यच झाले, ज्ञान असेच पुढे जाते. पण वाचकहो, जरा विचार करा. गोव्याच्या खेड्यांतल्या आमच्या बायकांच्या आयुष्यात केबलच्या तारेने काय घडवले हे आम्हाला कोणी सांगितले? परदेशातल्या विद्यापीठांनी. वादही तिथल्याच नियतकालिकांत झाला. आमची नियतकालिके तेव्हा काय छापत होती? पणजी, कोल्हापूर, नागपूर, औरंगाबाद येथील विद्यापीठे तेव्हा काय करत होती?

काय करत होती ते आम्ही सांगतो. ती प्रबंध छापून बांधत होती.

‘दूरचित्रवाणी मालिकांचा महिलांवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास.’ या तोंडवळ्याचे प्रबंध आमच्या विद्यापीठांत नित्य सादर होतात. तालुक्याचे नाव तेवढे बदलते. शंभर किंवा दोनशे उत्तरदात्या निवडायच्या, बहुधा संशोधकाच्या ओळखीपाळखीतल्या. त्यांच्या हाती प्रश्नावली द्यायची. ‘मालिका पाहिल्यामुळे आपल्या वागण्यात बदल झाला असे वाटते का? होय, नाही, सांगता येत नाही.’ उत्तरांची टक्केवारी काढायची, रंगीत आलेख जोडायचे आणि गृहीतक सिद्ध झाले म्हणून मोकळे व्हायचे. गृहीतक असिद्ध झाल्याचा प्रबंध आम्ही तरी अद्याप पाहिलेला नाही.

हा प्रश्नच मुळात फसवा आहे. पाण्यात विरघळलेले मीठ पाण्याला विचारून कळते काय? माणसावर झालेला परिणाम त्याला स्वतःला दिसत असता तर संशोधनाची गरजच नव्हती. ज्या बाईने मालिका पाहिलीच नाही ती या अभ्यासात कुठे आहे? मालिकेत नेमके काय दाखवले, किती वेळा मारहाण, किती वेळा क्षमा, कोणाच्या तोंडी निर्णय आणि कोणाच्या तोंडी रडणे, याची मोजदाद कुठे आहे? जी बाई रोज चार तास टीव्ही पाहते आणि बाहेरच्या जगाला घाबरते, ती टीव्ही पाहून घाबरट झाली, की बाहेर पडायची भीती किंवा बंदी असल्यामुळे घरात बसून चार तास टीव्ही पाहते? हे कोडे सोडवल्याशिवाय ‘परिणाम’ हा शब्द उच्चारण्याचा हक्क कोणालाही नाही. पेनसिल्वेनिया विद्यापीठात जॉर्ज गर्बनर यांनी १९६० च्या दशकाअखेरीपासून अमेरिकन टीव्हीवरचा हिंसाचार वर्षानुवर्षे मोजला आणि खूप टीव्ही पाहणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा अधिक क्रूर वाटते असे मांडले. याच कोड्यावरून टीकाकार त्यांच्यावर तुटून पडले. पॉल हर्श यांनी तेच आकडे पुन्हा तपासून उलट निष्कर्ष काढले. भांडण कडाक्याचे झाले, पण आकड्यांवरून झाले. आमच्याकडे भांडायलाही आकडे नाहीत. आमच्या रात्री भरून टाकणाऱ्या गुन्हेगारीच्या मालिकांमुळे किती बापांनी मुलींच्या पायांत बेडी घातली, हे विचारले तर उत्तरात फक्त अंदाज मिळतात.

या दुरवस्थेचा दोष आम्ही प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींच्या माथी मारत नाही. खेडोपाडी फिरून संशोधन करायला एसटीच्या तिकिटाचे पैसे त्यांच्याकडे नसतात. शिष्यवृत्ती वर्षानुवर्षे अडकते. विभागात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या पडतात आणि तासिका तत्त्वावरचा गडी तीन महाविद्यालयांत धावतपळत शिकवतो. दोष आहे तो संशोधनाला गुणांच्या वहीत बंद करणाऱ्या धोरणाचा. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदोन्नतीला लेखांचे गुण जोडले आणि आयएसएसएन क्रमांक मिरवणाऱ्या, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक फोफावले. तण उपटायला आयोग निघाला तेव्हा शेत हातचे गेले होते. आणि दोष आहे त्या मार्गदर्शकांचा, ज्यांनी सिनॉप्सिसवर सही करताना ‘आधी काय होते?’ हा एक प्रश्न विद्यार्थ्याला विचारला नाही.

आधी काय होते? साऱ्या शास्त्राचा जीव या प्रश्नात आहे. इंग्लंडमध्ये हिल्डे हिमेलवाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्विच शहरात टीव्हीचा ट्रान्समीटर लागण्यापूर्वीच तिथल्या मुलांची पाहणी करून ठेवली, नंतर पुन्हा केली आणि १९५८ साली ग्रंथ लिहिला. कॅनडात डोंगरांच्या आड असल्याने टीव्हीच्या लहरी न पोहोचलेल्या एका गावात १९७३ साली टीव्ही येणार हे कळताच टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि त्यांचे सहकारी आधी तिथे पोहोचले. दोन वर्षांनी ते पुन्हा गेले तेव्हा मुलांमधली मारामारी आणि अरेरावी वाढलेली त्यांना दिसली. लग्न लागल्यावर मुहूर्त काढून उपयोग नसतो. टीव्ही आल्यावर ‘टीव्हीपूर्वीचे गाव’ कुठल्याच किमतीला विकत मिळत नाही.

आमच्या महाराष्ट्रात असे क्षण किती आले आणि गेले! २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गल्लीगल्लीत केबलवाला उगवला. १९९९ साली अल्फा मराठी, २००० साली ईटीव्ही मराठी आली, २००७ पासून चोवीस तास मराठी बातम्यांचा भडिमार सुरू झाला. यांतला प्रत्येक क्षण एक नॉर्विच होता. गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या, सिंधुदुर्गच्या पाड्यांवर तार पोहोचण्याआधी एखादा विभाग, एखादी संस्था वह्या घेऊन पोहोचली असती, तर आज आमच्या हाती जगाला सांगण्यासारखे काही असते. कोणी पोहोचले नाही. ते गाव गेले, तो ‘आधी’ गेला, आणि तो कायमचा गेला. आता तीच माणसे त्याच मालिका खिशातल्या मोबाइलवर पाहू लागली आहेत, आणि हाही ‘आधी’ आमच्या डोळ्यांदेखत निसटतो आहे.

मग ज्ञान उरले ते कोणाकडे? मालकाकडे. देशातल्या वीस-एकवीस कोटी टीव्ही-घरांच्या नावाने जे निर्णय होतात, ते २०२० च्या सुमारास ४४ हजार घरांत बसवलेल्या मीटरांवरून होत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी जाहीर आरोप केला की काही मीटरवाल्या घरांना पैसे देऊन विशिष्ट वाहिन्या चालू ठेवायला सांगितले जात होते. त्यानंतर बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे २०२२ च्या मार्चपर्यंत बंद राहिले. खटला पुढे सरकारनेच मागे घेण्याचे ठरवले आणि २०२४ साली न्यायालयाने त्याला परवानगी दिली. आरोपी दोषी होते की निर्दोष, यात आम्ही शिरत नाही. आमचा संताप वेगळा आहे. त्या साऱ्या गदारोळात चर्चा कशाची झाली? जाहिरातदार फसला काय, याची. प्रेक्षकाचे काय झाले, हा प्रश्न ना पोलिसांनी विचारला, ना सरकारने, ना वाहिन्यांनी. फसवणुकीच्या खटल्यातही प्रेक्षक फिर्यादी नव्हता, तो वादातला माल होता.

शिवाय हे आकडे विकाऊ आहेत. वर्गणी मोजणाऱ्या वाहिनीला आणि जाहिरात कंपनीला त्यातला बारीक तपशील मिळतो. लातूरच्या संशोधकाला आपल्या जिल्ह्यातली मुले रात्री अकरा वाजता काय पाहतात हे त्या तपशिलातून काढायचे असेल तर त्याने पैसे कुठून आणावेत? ज्या घरांनी आपल्या संध्याकाळी दिल्या, त्यांच्याच मुलांना त्या संध्याकाळींचा हिशेब पाहता येत नाही. ज्ञानाची किल्ली मालकाच्या कमरेला असली म्हणजे काय होते, याचा दाखला अमेरिकेने देऊन ठेवला आहे. टीव्हीवरील हिंसेचा मुलांवर काय परिणाम होतो हे तपासायला तिथल्या सरकारने समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ साली आला. समिती नेमताना वाहिन्यांना नावे गाळण्याचा अधिकार दिला गेला. त्यांनी सात शास्त्रज्ञ गाळले. त्यांत अल्बर्ट बांडुरा होते, ज्यांच्या प्रयोगांनी मुले पाहिलेली मारहाण कशी उचलतात हे जगाला दाखवले होते. आणि बारा सभासदांपैकी पाच जण वाहिन्यांशी संबंधित होते. ते प्रकरण निदान उघडकीला तरी आले. आमच्याकडे नावे गाळण्याची वेळच येत नाही, कारण समितीच नेमली जात नाही.

आता सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ऐका. समजा, उद्या कोणी जिद्दीची संशोधक उठली आणि म्हणाली, मी मराठी वृत्तवाहिन्यांवरच्या गेल्या दहा वर्षांच्या चर्चा पाहीन, कोणत्या समाजाविषयी कोणते शब्द वापरले गेले ते मोजीन. तर ती जाणार कुठे? आपल्या नियमांप्रमाणे वाहिनीने आपले प्रक्षेपण फक्त ९० दिवस जपून ठेवायचे असते. त्यानंतर ठेवायचे की पुसायचे, ही मालकाची मर्जी. दिल्लीत २००८ पासून सरकारचे देखरेख केंद्र आहे, वाहिन्यांवर काय चालते ते तिथे टिपले जाते, पण कोणी आचारसंहिता मोडली काय हे पाहण्यासाठी, अभ्यासासाठी नव्हे. दूरदर्शनने तर जुन्या टेपांवर नवे मुद्रण करून आपले सोने आपल्याच हाताने पुसले.

१९५४ च्या कायद्याने या देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरलेल्या ग्रंथालयांत द्यावी लागते. पुढे वर्तमानपत्रेही त्यात आली. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये जाऊन आम्ही कोण्या तालुक्याच्या गावी निघालेली कवितांची चोपडी मागू शकतो. पण कोट्यवधी मराठी माणसांनी एकाच रात्री एकाच वेळी पाहिलेला भाग मागू शकत नाही. फ्रान्सने १९९२ साली कायदा करून टीव्हीचे प्रक्षेपण राष्ट्रीय ठेव म्हणून जपायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तर १९६८ पासून, सरकारची वाट न पाहता, रोजच्या बातम्या टिपून ठेवल्या, आणि आज तिथले कोणीही व्हिएतनामच्या युद्धाच्या बातम्या पाहून आपल्या वाहिन्यांना जाब विचारू शकते. एका विद्यापीठाने एवढे केले! महाराष्ट्रातल्या कोणत्या कुलगुरूंनी असा ठराव मांडला? कोणत्या अधिसभेत त्यावर आवाज चढला?

आम्ही मागणी करतो, आणि ती वाटाघाटीसाठी केलेली नाही. मुंबईत विधिमंडळाचे पुढचे अधिवेशन भरेल तेव्हा मराठी दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण कायमचे जतन करणारे राज्याचे दालन उभारण्याचा ठराव सभागृहात आलाच पाहिजे. केंद्राच्या नियमातील ९० दिवसांची मुदत बदलायला दिल्लीवर दबाव आणणे हे आमच्या खासदारांचे काम आहे. मीटरचे आकडे, घरांची नावे झाकून, ठरावीक काळानंतर कोणत्याही संशोधकाला फुकट मिळाले पाहिजेत. ज्या वाहिन्या जनतेच्या आकाशातून कमावतात त्यांच्याकडून त्यासाठीचा खर्च वसूल करावा, आणि तो पैसा वाटणाऱ्या मंडळावर वाहिन्यांचा एकही माणूस नसावा. १९७२ चा अमेरिकन धडा पुन्हा गिरवायला आम्ही तयार नाही. आणि पत्रकारिता, समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या विभागांनी मिळून महाराष्ट्रातली निवडक गावे आणि वस्त्या दहा-दहा वर्षांसाठी अभ्यासाला घ्याव्यात. तीच घरे, तीच मुले, दरवर्षी. कोणी म्हणेल, एवढा पैसा कुठे आहे? १९७५ साली या देशाकडे पैसा होता काय? त्या वर्षी आम्ही गावात राहायला माणसे पाठवली होती.

मराठी वाचकाने स्वतःच्या घरी आज रात्रीच एक गोष्ट करून पाहावी. साडेसात वाजता जी मालिका लागेल तिचे नाव आणि आजची तारीख एका कागदावर लिहून ठेवावी. मालिका संपल्यावर शेजारी बसलेल्या मुलीला विचारावे, सुनेने काय करायला हवे होते असे तुला वाटते? तिचे उत्तर त्याच कागदावर उतरवावे. नव्वद दिवसांनी त्या वाहिनीवर आजचा भाग राखून ठेवण्याचे बंधन उरणार नाही. आज पडद्यावर काय दाखवले गेले आणि त्यातून एका मुलीने काय घेतले, याची या राज्यातली एकमेव नोंद त्या दिवशी कदाचित तुमच्या हातातला तो कागद असेल.